मेन बंद, तरी नळाला करंट

"आधी कार्ड दाखवा. लाईट हाफिसातलं न्हाई ना तुमी?"

शिनोलीतल्या घराच्या दारात दत्तोबा वाट अडवून उभे होते. तपासणी त्यांच्या सुनेनं, सारिकानं फोनवर बुक केली होती. कपडे धुताना मोरीतल्या नळानं तिला दोनदा झटका दिला होता. मी खासगी, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन. कार्डावरचा नंबर दत्तोबांनी बोट ठेवून वाचला. बरोबरच केलं.

"दोन-तीन तास लाईट जाईल. सगळ्या खोल्या आणि बोर्ड उघडावे लागतील," मी म्हणालो.

"बोर्ड कशाला? झटका नळाला बसतोय!"

तरी माझ्या मागोमाग खोल्याखोल्यांतून फिरले. वायरिंग जुनं, पण ठीक. अर्थिंग, म्हणजे गळता करंट जमिनीत उतरवणारी तार, तीही शाबूत. शेवटी मेन बंद करून नळाला मीटर लावला. नव्वद व्होल्ट.

घरात लाईट नाही आणि नळात करंट! मला आधी मीटरचाच संशय आला. दुसरा लावला. तेच.

"किसननंच कायतरी केलंय," दत्तोबा हळूच म्हणाले.

किसनराव म्हणजे शेजारचे चुलतभाऊ. बांधाच्या भांडणावरून बोलणं बंद, पण पाण्याची लोखंडी लाईन दोघांत एकच. मी तिकडे गेलो.

"तुमाला त्यांनी शिकवून धाडलंय," किसनराव म्हणाले.

"मी कशाला हात लावत नाही. तुमचा मेन तुम्हीच बंद करा. मीटर तुम्हीच बघा."

त्यांच्या अंगणातल्या पाइपाला मीटर लावला. मेन बंद, शून्य. चालू, नव्वद. तीनदा केलं त्यांनी. मग लाईन धरून चालत गेलो. किसनरावांच्या पाण्याच्या मोटारीची केबल पाइपाला तारेनं आवळून बांधलेली, आणि तारेखाली तिचं रबर सोललेलं. त्यांच्या घरात प्लॅस्टिकचे पाइप, म्हणून किसनरावांना झटका नव्हता.

त्यांनी पाइपाच्या टोकाला असलेल्या हौदाकडे बोट केलं.

"म्हैस महिनाभर ह्या हौदाला तोंड लावंना. मला वाटलं, ह्यांनीच पाण्यात काय टाकलं."

"मी?" दत्तोबा कुंपणापलीकडून ओरडले. "आरं, माझी सून मरता मरता वाचली!"



त्याच दिवशी केबल बदलली. दोन्ही घरांत आरसीसीबी बसवला. करंट गळला की तो लाईट तोडतो. भाऊ अजून बोलत नाहीत, असं सारिका सांगते.

मी मात्र आता बुकिंग घेतानाच विचारतो: पाण्याची लाईन कुणाबरोबर सामायिक आहे?