या खोलीत किती जण झोपतात?

एसीच्या जाळीवर धूळ साठते ना, तसे आमच्या दुकानात किस्से साठतात. रोज थोडे थोडे, कोणाच्या लक्षातही न येता. अधूनमधून जाळी काढून झटकली नाही तर मशीन बंद पडतं. आज मी झटकायला बसलेय. नाकावर रुमाल धरा!

मी सिल्वासातल्या एका एसीच्या दुकानात काम करते. लोकांच्या घरी जायचं, खोली मोजायची आणि एक टन, दीड टन की दोन टन ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे, खोलीतली उष्णता बाहेर फेकायची ताकद. लहान घेतला तर दिवसभर घरघरतो आणि खोली काही गार होत नाही. मोठा घेतला तर पाच मिनिटांत गार करून स्वतःच झोपी जातो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तुम्ही ओल्या टॉवेलसारखे पडून राहता. एवढं साधं आहे. फिजिक्समध्ये बीएस्सी केलेल्या मुलीला तर फारच साधं आहे. अवघड आहेत ती माणसं. त्यातही पन्नाशीच्या पुढची!

* * *

माझ्याआधी हे काम मोरेकाका करायचे. जळगावकडचे, बाबांचे पत्त्यांतले दोस्त, आमच्याच कॉलनीत राहतात. मला दुकानात चिकटवलं तेही त्यांनीच, काउंटरवर बसून वॉरंटी कार्डं भरायला.

काकांकडे टेप नाही. रुमाल आहे. खोलीच्या मधोमध उभं राहायचं, मान पुसायची आणि रुमाल किती वेळात भिजतो ते बघायचं. पाच मिनिटांत भिजला तर दोन टन. दहा मिनिटांत भिजला तर दीड. इतकी वर्षं असंच!

एकदा काका एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई फार सज्जन. काकांना खुर्ची दिली, समोर टेबलफॅन लावला, थंडगार ताक आणून दिलं. वीस मिनिटं झाली तरी रुमाल कोरडा! काका उठले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला एसीची गरजच नाही."

गिऱ्हाईक गेलं. आमचे गुजराती शेठ लालबुंद झाले. त्याच दुपारी टेप माझ्या हातात आली, पण अट घालून.

"जो बेन, बघ," शेठ म्हणाले, "मे महिना संपेपर्यंत तुझ्या चिठ्ठीवरचा एक पण एसी 'थंड करत नाही' अशी कम्प्लेंट आली, तर तू परत काउंटरवर. मोरेकाका परत साइटवर."

काका रुमालाची घडी घालत म्हणाले, "येईल, येईल. खोली टेपनी मोजता येते पोरी, माणसं नाही येत!"

"बघालच!" मी म्हटलं.

* * *

मी पाच प्रश्नांचा फॉर्म केला. लांबी-रुंदी किती? मजला कितवा? पश्चिमेची भिंत आहे का? खिडक्या किती? आणि पाचवा, या खोलीत किती जण झोपतात?

पहिले चार प्रश्न चहा पिता पिता होतात. पाचव्याला घरातले एकमेकांकडे बघायला लागतात.

पण आधी पहिल्याच प्रश्नावर अडलेले आजोबा सांगते. सामरवरणीला राहतात, सरकारी खात्यातून रिटायर. समोरच्या फ्लॅटमध्ये दीड टन लागला म्हणून यांना दोन हवा. मी टेप काढली तर म्हणाले, "ठेव ती. मी आयुष्यभर कालवे मोजले आहेत." आणि पावलं टाकत निघाले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चौदा. "लिही, चौदा फूट!"

मी टेप लावली. दहा.

"आजोबा, दहाच भरतात."

आजोबांनी टेप बोटांनी ओढून पाहिली. मग म्हणाले, "खोली आखडली असेल. ऊन केवढं आहे!"

"आजोबा, उन्हाने वस्तू आखडत नाहीत, प्रसरण पावतात!"

"आमच्या वेळी आखडायच्या."

मी एक टन लिहिला आणि निघाले. दारात आजोबा म्हणाले, "शेजाऱ्यांना दोन सांग हं."

* * *

नरोलीला फॅक्टरीतल्या पोरांनी मिळून एसी घ्यायचं ठरवलं. स्लॅबची एकच खोली, वर तापलेली गच्ची. घरमालक हाताची घडी घालून दारात उभे. त्यांचा नियम एकच, खोलीत फक्त दोन माणसं.

मी पाचवा प्रश्न विचारला. "किती जण झोपता?"

"दोन," धुळ्याचा एक पोरगा मालकांकडे बघत म्हणाला.

खिडकीत सहा टूथब्रश होते. दोरीवर सहा टॉवेल. मी खरं तेच लिहिणार होते, कारण कम्प्लेंट आली असती तर काउंटरवर मला बसावं लागलं असतं, त्यांना नाही. मी म्हटलं, "नीट सांगा. किती?"

"मॅडम, दोनच," तो म्हणाला. "दोन फर्स्ट शिफ्टचे, दोन सेकंडचे, दोन नाइटचे. एका वेळी दोनच झोपतात. आईशप्पथ!"

मालक विचारात पडले. नियम मोडला होता, आणि नव्हताही. मग त्यांना सुचलं. "और संडे को?"

"संडे को कोई नहीं सोता, अंकल," पोरगा म्हणाला. "मॅच होती है!"

मी सहा जण धरून दीड टन लिहिला. कम्प्लेंट नाही. उलट रविवारी मॅच बघायला मालकच तिथे येऊन बसतात, असं कळलं.

* * *

गलोंड्याच्या घरात नवीन लग्न झालेलं होतं. एसी नव्या जोडप्याच्या खोलीत बसवायचा, पण फॉर्म भरायला सासूबाई पुढे.

"किती जण झोपतात?"

"सात!" सासूबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात आम्ही सगळेच खाली गाद्या टाकणार की. चांगला दोन टनाचा लिही."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघवेना. मी पाणी मागायच्या निमित्ताने आत गेले, तर तिने माझा हातच धरला. "ताई, एकच टन लिहा! दोन आला तर हे सगळे दिवाळीपर्यंत गाद्या उचलायचे नाहीत!"

खोली छोटी, मधल्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नाही. दोघांना एक टन अगदी बरोबर. मी बाहेर येऊन ठणकावून सांगितलं, "या खोलीला एकच टन. तोही दोन माणसांपुरता."

सासूबाई भडकल्या. "म्हणजे काय? तिसरं माणूस आलं तर चालणारच नाही का?"

मी आधीच वैतागलेले. जे तोंडात आलं ते बोलून गेले, "तिसरं आलं तर लहानच असेल ना! ते चालेल!"

सून पदरात तोंड लपवून आत पळाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, सुनेच्या दिशेने पाहिलं आणि खोलीत आणून ठेवलेला गाद्यांचा ढीग स्वतः उचलत म्हणाल्या,

"एकच टन लिही. आजच्या आज बसवून दे!"

* * *

तीस मे उजाडला. रविवार. सीझनमध्ये आमचं दुकान रविवारीही उघडं असतं, फक्त मोरेकाकांची सुट्टी असते. शनिवारी जाताना ते मला म्हणाले होते, "दोन दिवस राहिले पोरी. धीर धर." धीर मी कशाला धरू? एकही कम्प्लेंट नव्हती!

अकरा वाजता शेठचा फोन वाजला. ते ऐकत गेले, ऐकत गेले, आणि मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बेन, कम्प्लेंट आवी."

"कोणाची?"

"तुझ्या पप्पांची."

आमच्या बेडरूमचा एसी माझ्याच चिठ्ठीवर बसवला होता. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, म्हणून दीड टन. झोपणारे तीन, आई, बाबा आणि मी. खाली बाबांची सही, इथल्या शाळेत मास्तर म्हणून आयुष्य गेलं त्यांचं, त्यामुळे सहीखाली दोन रेघा!

मी घरी फोन लावला. "बाबा! मला सांगायचं ना! शेठना कशाला?"

"तू घरात माझं ऐकतेस कधी?" बाबा म्हणाले. "शेठ ऐकतात. आणि खरंच थंड होत नाही. रविवारी दुपारी तर अजिबातच नाही. मला पलंगावर गार वारा काही म्हणजे काही लागत नाही!"

रविवारी दुपारी मी कधी घरी असते?

शेठ म्हणाले, "घरची असो की बाहेरची, कम्प्लेंट म्हणजे कम्प्लेंट. मी पोते, स्वतः येऊन बघतो." त्यांनी थर्मामीटर घेतला आणि जेवणं उरकल्यावर आम्ही न सांगता निघालो. स्कूटरवर मागे बसून मी मनातल्या मनात वॉरंटी कार्डं भरत होते.

आईने दार उघडलं. शेठना बघून ती गडबडली आणि बेडरूमच्या दारासमोर उभी राहिली. "आत्ता नको हो. आत्ता सगळे झोपलेत."

"सगळे कोण?" मी विचारलं आणि दार ढकललं.

पलंगावर बाबा. बाबांच्या पलीकडे खालच्या मजल्यावरचे नाना. जमिनीवर गाद्याच गाद्या. शेजारच्या आजी, त्यांची बहीण, शाळेतले दोन मास्तर, आणि कोपऱ्यात वॉचमन, टोपीसकट! पायांपाशी पत्त्यांचा अर्धवट डाव पडलेला. शेठ बोट दाखवून मोजायला लागले, "एक, दोन, तीन..." सातवर आले आणि थांबले.

बरोबर एसीखाली, सगळ्यात मोक्याच्या जागी, आठवा माणूस होता. डोक्यापासून पायापर्यंत गोधडी घेतलेला. आत गुडघे पोटाशी घेतल्याचं बाहेरून दिसत होतं. उशाशी एक रुमाल होता, चौकोनी घडीचा, कोरडा ठणठणीत.

शेठनी थर्मामीटर खिशात घातला. मी फॉर्म हातात धरून उघड्या दारात उभी होते.

तेवढ्यात गोधडी हलली आणि आतून ओळखीचा जळगावी आवाज आला,

"ए, दार लावा ना कोणी! हुडहुडी भरली होती चांगली, सगळा गारवा घालवला!"