मळ्याच्या बांधावरची टपालपेटी

आमचे हे समोर ओसरीवर सुपारी कातरत बसलेत आणि मला बजावून राह्यलेत, की पेटीचं लिहितेस तर खरं तेच लिही, उगाच शेखी मिरवू नको. घ्या! पेटी मी केली, गांधीलमाशीचा डंख मी खाल्ला, साऱ्या गावाचं हसू मी झेललं, आणि शेखी मिरवायची कोणी? डाकवाल्यानं? मी मिरवणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं सुपारी कातरावी.

लढाईची वर्षं होती. हे पलटणीत मोटारी दुरुस्त करायच्या कामावर होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्यातले सोबतचे दिवस मोजायला हाताची बोटंही जास्त झाली असती. अकोल्याकडच्या शिरपूरच्या अलीकडं, मालेगावच्या रस्त्याला लागून आमचा मळा. वांगी, मिरच्या, मेथी, आणि मागच्या तुकड्यात जवारी. घर गावात, पण दिवाळीपासून होळीपर्यंत मामाजी म्हणजे माझे सासरे, सासूबाई आणि मी, तिघांचाही मुक्काम मळ्यातल्या खोपटीत. गावातल्या घराला कडी घातलेली असायची. डाकवाला आठवड्यातून दोनदा मालेगावाहून चालत यायचा आणि आमचं काही असलं तर दाराखालच्या फटीतून आत सरकवून द्यायचा. कोणी गावात गेलं तर ते कार्ड हाती लागायचं, नाही गेलं तर पडून राहायचं. घरात वाचता येणारी मी एकटी, माहेरी चौथी शिकलेली.

त्या वर्षी जवारी हुरड्यावर होती. मामाजी पोतं आणायला म्हणून गावात गेले आणि परत आले ते अंगावरच्या कपड्यांसकट ओले. खोपटीसमोर येऊन मटकन बसले. सासूबाईंनी दहादा विचारल्यावर एवढंच म्हणाले, की कार्ड आलं होतं, कोपरा फाटलेलं.

आमच्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयतीचं. लिहिणाराच कोपरा फाडून पाठवतो, म्हणजे हातात घेताक्षणी कळावं. असं कार्ड घरात नेत नाहीत. बाहेरच वाचायचं, वाचलं की फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. इथं तर ते कार्ड घराच्या आत, दारामागं पडलेलं. मामाजी घाबरले. त्यांनी ते उचललं, रस्त्यावर आणलं, फाडलं, भिरकावलं आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सासूबाईंनी हंबरडा फोडला. लढाईवर मुलगा एकच होता, दुसरं कोणाचं कार्ड येणार?

माझा स्वभाव असा, की रडण्याआधी मला राग येतो. मी विचारलं, वाचलं कोणी? मामाजींनी मान हलवली. वाचलंच नव्हतं. मास्तरांकडं न्यायची हिंमत झाली नाही म्हणाले. मी जे पळत सुटले ते गावात जाऊनच थांबले. वाटेत पदर कुठं, चपला कुठं, काही भान नव्हतं.

चार तुकडे नालीच्या कडेला सापडले. एक शेणात रुतला होता, तो लुगड्यानं पुसला. दाराच्या पायरीवर जुळवले आणि पाहिलं तर अक्षर यांचं. यांचंच! मेलेला माणूस आपल्या मयतीचं कार्ड आपल्या हातानं लिहीत नाही, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. आनंदानं मी पायरीवर हात आपटला. मग मजकूर वाचला. गाडी कुठून जाते हे लिहायची पलटणीत मनाई, म्हणून यांनी वाटेतल्या कुठल्याशा ठेसनावरून साधं कार्ड टाकलं होतं. बुधवारी दुपारी आमची गाडी अकोल्यावरून जाते, पाणी भरायला थांबते, बाबांनी भेटीस यावे. आणि शेवटी, बारीक अक्षरात, तिलाही आणावे.

त्या दिवशी गुरुवार होता.

दोन वर्षांत यांच्या कार्डात माझा उल्लेख आला तो हा पहिला, आणि तो शेणानं माखून माझ्या हाती आला, एक दिवस उशिरा. कोपरा कोणी फाडला तेही कळलं. शेजाऱ्यांच्या शेळीचं पिल्लू फटीतून आत शिरून दारामागं बसायचं, त्याच्या लेंड्या तिथंच होत्या. मी आधी पोटभर रडले, मग त्या पिल्लाला, डाकवाल्याला, फटीला आणि दार बनवणाऱ्या सुताराला एकेक करून शिव्या दिल्या. हे अकोल्याला उतरून फलाटावर आमची वाट पाहत उभे राहिले असतील, हे डोळ्यांपुढून हलेना. पुन्हा कधी ही गाडी इकडून गेली, तर कार्ड आल्या दिवशी माझ्या हातात पडलं पाहिजे. बस्, डोक्यात एवढंच राहिलं.

विचार करता करता लक्षात आलं, की डाकवाला गावात येतो तो आमच्या मळ्यावरूनच. आम्ही इथं आणि तो कार्ड टाकतो रिकाम्या घरात, याला काय म्हणावं? दुसऱ्या फेरीला त्याला रस्त्यातच अडवलं. तो नियम सांगू लागला, की पत्ता घराचा आहे. मी म्हटलं, माणसं जिथं तिथं घर. विहिरीचं गार पाणी आणि मेथीची जुडी पुढं केली तेव्हा नियम थोडा नरम झाला. पण पेटी बंद पाहिजे, वाटसरूच्या हाती कार्ड लागलं तर मी जबाबदार नाही, म्हणाला. रास्त बोलला.

घासलेटचा रिकामा डबा घेतला, वर फट पाडली आणि रस्त्याकडच्या निंबाला टांगला. मी हरखून दिवसातून चारदा आत हात घालून पाहायची. पाचव्या दिवशी आत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. हात असा सुजला, की बांगड्या फोडाव्या लागल्या. सासूबाईंचं त्या बांगड्यांवरून चार दिवस चाललं.

हात शेकत बसले होते तेव्हा नजर धान्याच्या कोठीवर गेली. जवारी काढायला कोठीत कोणी वरून हात घालत नाही, खाली बोळकं म्हणजे भोक असतं, बोळा काढला की दाणे सुपात. मी तशीच उठून सुताराकडं गेले. म्हटलं, लाकडी पेटी कर, वर उतरतं झाकण, आणि तळ बिजागरीचा, खालून उघडणारा. कडी मागच्या अंगाला, आपल्यालाच माहीत अशी. सुतार हसला. पत्र काय जवारी हाय का, खालून सोडाले? असं त्यानं विचारलं आणि तिथं बसलेल्या चारचौघांनाही सांगितलं. हसेना का. पेटी मात्र त्यानं झकास केली आणि निंबाच्या बुंध्याला ठोकून दिली. पदर धरायचा, कडी सरकवायची, जे असेल ते ओटीत. हात आत घालायचं कामच नाही.

एक अडचण राहिली होती. आम्ही असायचो विहिरीजवळ वाफ्यात, पेटी रस्त्यावर, कार्ड पडल्याचं कळणार कसं? हे मला सुचलं तेव्हा मी मचाणावर बसून पाखरं हाकलत होते. हातात दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला जवारीत टांगलेला खड्यांचा डबा. इकडं ओढलं की तिकडं खडखडाट. मग उलटं का नाही? तिकडं झाकण उचललं की इकडं डबा वाजावा. मी मचाणावरून उडीच मारली. दोन दिवस खपून बांधावर बेचक्याच्या काठ्या रोवल्या, दोरी पेटीच्या झाकणापासून विहिरीपर्यंत आणली आणि डबा मोटेजवळ टांगला. सासूबाईंना रस्त्यावर पाठवून झाकण उचलायला लावलं. डबा असा खणखणला, की बैल बिचकले. मी टाळ्या पिटत वाफ्यांमधून नाचले, मिरचीची चार रोपं तुडवली.

मग सुरू झाली गंमत. शिरपूरच्या देवळाला जाणारी माणसं त्याच रस्त्यानं. निंबाला पेटी, वर उतरतं झाकण, पाहून कोणालाही देवाचीच वाटणार. डबा वाजला की मी हातातलं टाकून पळायची, कडी सरकवायची आणि ओटीत पडायचे तांदूळ, झेंडूची फुलं, एकदा तर सुपारी. पेटीला शेंदूरही लागला. एका म्हातारीनं मलाच विचारलं, हा देव कोणाच्या नवसाला पावते? मी म्हटलं, आजी, अजून मलाच पावला नाही. कोळशानं टपाल असं लिहून पाहिलं, पण वाचतो कोण? शेवटी पेटीखाली मामाजींची फाटकी वहाण बांधली. त्या दिवसापासून कोणी हात जोडले नाहीत.

जवारी निघाली, मचाण मोडलं, दोरी मात्र राहिली. फाल्गुनात एका सकाळी डबा वाजला. थोडा थांबून पुन्हा वाजला. पलीकडं डाकवाला मुद्दाम झाकण उचलून आपटत होता. मी कशी पळाले ते सांगता येत नाही. कडी सरकवली, कार्ड पदरात पडलं. सोमवारी दुपारी, अकोला, तीच पाणी भरायची गाडी. आणि तो होता शनिवार. मी तिथंच मोठ्यानं वाचलं, मग सासूबाईंना वाचून दाखवलं, मग मामाजींना दोनदा.

सासूबाई म्हणाल्या, मामाजी जातील, तरण्या सुनेनं ठेसनावर कायले जावं? मी आपली गाठोडं बांधत राहिले. बोलले असते तर भांडणच झालं असतं. मामाजी पागोटं बांधत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सूनबाई येईन संगं. कार्ड तिच्या पेटीत पडलं."

मालेगावाहून सर्व्हिस मोटारीनं धूळ खात आम्ही अकोल्याला पोचलो. सोमवारी दुपारी गाडी आली, डब्यांवर ताडपत्री घातलेल्या मोटारी लादलेली. हे खाली उडी मारून आले. काळे पडले होते, वाळले होते. मामाजींनी यांच्या तोंडावरून हात फिरवला, दोन शब्द बोलले आणि तांब्यात पाणी भरून आणतो म्हणून निघून गेले. तांब्या भरलेलाच होता.

आणि मी? मी बोलायला लागले ती पेटीवर. पिल्लू, शेण, गांधीलमाशी, कोठीचं बोळकं, पाखरांचा डबा, शेंदूर, वहाण. हातवारे करून, धाप लागेस्तोवर. हे नुसते ऐकत होते, मधूनच हसत होते, एकदा डोळे पुसले ते हसून की कशानं, कळलं नाही. शिट्टी झाली, हे डब्यात चढले, गाडी हलली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तुम्ही कसे आहात एवढंही मी विचारलं नव्हतं.

मी गाडीसोबत धावले. "तुमी जेवता ना तिथं धड?" असं ओरडले, पण चाकांच्या आवाजात ते विरलं. यांनी दारातून बाहेर वाकून दोन्ही हात तोंडाशी धरले.

"पेटी किती उंच लावली?"

मी थांबले. फलाटभर माणसं पाहत होती, मामाजी तांब्या घेऊन पाहत होते. मी हात आडवा करून छातीशी धरला, एवढी, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तो तसाच धरून उभी राहिले.