घोट्यावरची सुई

आमच्या सुईताईंचं नाव दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं काम चालतं. बाहेरच्या खोलीत एक बाक आणि भिंतभर लाकडी खण. खणांत वाळलेली मुळं, साली, सुरकुतलेली लाल फळं. आत पडदे लावून वेगळ्या केलेल्या तीन खाटा. खालून शिलाई मशीनची घरघर दिवसभर येत असते.

आधी वीस वर्षं त्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. सुयांची आणि काढ्यांची चिनी पद्धत त्या नंतर एका म्हाताऱ्या गुरूंकडे शिकल्या. आता साठी ओलांडली आहे. एका खाटेकडून दुसरीकडे जाताना कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबतात.

माझ्या थोरल्या लेकीला मी तीन वर्षं तिथे नेत होते. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरांचे मोठे उपचार दोनदा करून फसले, तेव्हा कुणीतरी सुईताईंचं नाव सुचवलं. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाळी वेळेवर येईल, झोप लागेल, एवढं बघू. मुलाचा शब्द मी देत नाही." आम्ही मान डोलावली आणि ते सोयीस्करपणे विसरलो.

दर मंगळवारी बाकावर त्याच बायका असायच्या.

"काय गं, काढा घेतेस ना?" एक दुसरीला विचारायची.

"घेते की! वास असा, की नवरा दोन खोल्या सोडून झोपतो. मूल काय आता टपालाने येणार?"

लेक हसायची. ते हसणं खरं की वरवरचं, हे मी तिच्या तोंडाकडे बघून शोधत बसायचे.

ताई कामात असताना फारसं बोलत नाहीत. आधी दोन्ही मनगटांची नाडी, मग जीभ, मग केसासारख्या बारीक सुया. शेवटची सुई घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला. बाईला दिवस गेल्याची नुसती शंका असली, तरी गर्भाला धोका नको म्हणून ती एक सुई त्या लावत नाहीत, आणि तपासणी होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. म्हणून बाकावरच्या बायका सुया मोजून आपापली बातमी काढायच्या.

गेल्या महिन्यात लेक पडद्याआडून आली आणि माझ्या कानाशी वाकली. "आई, घोट्याला लावली नाही."

पाळी चार दिवस लांबली होती. मी म्हटलं, "अगं, विचार तरी त्यांना."

"नको. विचारलं की बिनसतं."

घरी तपासणीसुद्धा करू देईना. काढा बंद झाला. जावयांनी त्यांच्या आईला फोन केला. चार दिवस आम्ही तिला बादली उचलू दिली नाही. रविवारी सकाळी पाळी आली. विहीणबाईंचा फोन मीच घेतला.

मंगळवारी लेकीला घेऊन मी भांडायच्या तयारीनेच जिना चढले. "ताई, मागच्या खेपेला नाडीत काय लागलं होतं तुम्हाला?"

"का हो?"

"घोट्याची सुई सोडलीत ना."

ताईंच्या सगळं लक्षात आलं. 'राहिलं होतं, टिकलं नाही,' एवढं त्या म्हणाल्या असत्या, तरी आम्ही विश्वास ठेवला असता आणि आणखी तीन वर्षं येत राहिलो असतो. त्या लेकीसमोर स्टुलावर बसल्या.

"नाडीत काही नव्हतं. मी विसरले, पोरी. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला घेरी आली म्हणून धावले. परत आले तेव्हा वाटलं, तुझ्या सगळ्या लावून झाल्यात."

"विसरलात? अहो, आमच्या घरात काय–"

"आई, गप्प बस."

"बोलू दे त्यांना," ताई म्हणाल्या. "पण आणखी एक ऐक. तुझी पाळी सुधारली, त्यापुढे माझ्या हातात काही नाही, हे मला वर्षापूर्वीच कळलं होतं. तू थकून यायचीस, सुया लागल्या की अर्धा तास गाढ झोपायचीस. म्हणून सांगायचं टाळत गेले. सुई विसरण्यापेक्षा ती चूक मोठी. आता थांब तू."

"थांबू?" लेकीने असं विचारलं, जणू हा शब्द तिच्याजवळ आजवर कुणी काढलाच नव्हता. "घरी काय सांगू?"

"दमले म्हणून सांग. खोटं आहे का ते?"

'अजून सहा महिने बघू या,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात लेक माझ्याकडे वळली.

"आई, तुला चालेल?"

एवढे कडू काढे ती कुणासाठी पीत होती, ते मला तेव्हा कळलं.

"चालेल," मी म्हणाले. म्हणायला जरा वेळ लागला.