चार थेंबांचा प्रयोग

धाड गावाजवळच्या एका तांत्रिक विद्यालयात सुवर्णा गवई एकोणीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत आल्या होत्या. उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या होत्या. बदलीचा अर्ज करून करूनही त्या थकल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी शाळेमागं राहणाऱ्या खुर्शीदाबी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, तुमच्या नालीच्या पान्यानं माह्या पपया जळून राह्यल्या. पोरायले हेच शिकवता का?"

आम्ल, मोरचूद, जे उरेल ते बेसिनमध्ये ओता, असं पोरांना सुवर्णाबाईंनीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेसिनला बूच ठोकलं. परीक्षानळ्या कपाटात गेल्या. औषधी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांतल्या खळग्यांत चार-चार थेंबांचे प्रयोग सुरू झाले. उरलेलं कॅनमध्ये साठवून आम्ल मारायला त्यात चुना कालवायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी पोर्शन संपवा." शिपाई अकीलभाई कुरकुरले, "काऊन जीव काढून राह्यल्या मॅडम?" पण कॅन तेच उचलून ठेवत. टेबलाखाली सात कॅन साचले. ते नेणार कोण, असं विचारणारी तीन पत्रं सुवर्णाबाईंनी शिक्षण खात्याला पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

यंदा दहावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेले परीक्षक पाकिटं पाहून वैतागले. "हा काय पोरखेळ? परीक्षानळी काढा."

सुवर्णाबाईंच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी नळ्या काढून दिल्या. शाहीन नावाच्या मुलीनं प्रयोग केला. नळीच्या तळाशी निळा साका बरोबर आला. नळी हातात धरून तिनं विचारलं, "सर, हे आता कुठं टाकू?"

"बेसिनमध्ये."

"बेसिन बंद हाय सर. तिकून लोकायची झाडं मरतात."

परीक्षकांनी शाहीनला पूर्ण गुण दिले. शाळेच्या अहवालात मात्र 'प्रयोग विहित पद्धतीने होत नाहीत' असा शेरा पडला. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला. सुवर्णाबाईंनी चार ओळी लिहून दिल्या आणि पद्धत तीच ठेवली.

जूनमध्ये नववीची नवी पोरं आली. एकानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, एवढ्याशात काही दिसन का?"

सुवर्णाबाईंनी स्टूल ओढलं, हळूच त्यावर बसल्या.

"दिसते," त्या म्हणाल्या. "जवळ ये."