पत्रिका मागणारे गुरुजी

लालबागच्या एका छोट्या हॉलचा मी मॅनेजर. आमच्याकडे लग्नं लावायला येणारे गुरुजी पाटावर बसण्याआधी नवरा-नवरीच्या पत्रिका मागतात. गुण कधीच जुळवून झालेले असतात, तरीही मागतात. जुन्या वळणाचा माणूस, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

परवा मुलीच्या मामाने कौतुकाने पत्रिका पुढे केली. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवून जन्मतारीख वाचली, बोटांवर हिशेब केला आणि अंतरपाट घडी करून पिशवीत ठेवला.

"कायद्याने अठरा लागतात. हिला चार महिने कमी आहेत."

"आधारवर एकोणीस आहे ना, गुरुजी," मामा म्हणाला. "मुहूर्त टळतोय."

"मुहूर्त दुसरा काढून देईन. वय नाही काढून देता येत."

पाहुणे जेवून गेले, लग्न लागलं नाही. गुरुजी चपला घालत होते तेव्हा मी विचारलं, "कागद सोडून पत्रिकाच का बघता?"

"कागदावर वय वाढवतात रे. पत्रिकेत वाढवत नाहीत. ग्रह चुकतील ना."

मग परत आत जाऊन त्यांनी मुलीला आपला नंबर लिहून दिला. "चार महिन्यांनी फोन तू करायचा. मामाने केला तर मी येणार नाही."