सगळ्याच नवख्या

बास्केटबॉलचा संघ उभा करायला निदान तीन वर्षं लागतात, असं शाळेत सगळ्यांना मीच सांगत आले होते. त्या जूनमध्ये माझ्या हातात जेमतेम अडीच महिने होते आणि संघच नव्हता.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आदल्या वर्षीच्या संघातल्या मुली जवळपास सगळ्या एकाच वर्गातल्या होत्या. त्या दहावी पास झाल्या आणि एकदमच बाहेर पडल्या. मागे राहिली एकटी, ती आता दहावीत होती आणि तिच्या वडिलांनी अभ्यासासाठी तिचा खेळ बंद केला होता.

त्यातच पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि शाळेत सिमेंटचं कोर्ट एकच. फुटबॉलच्या सरांनी ते संध्याकाळसाठी मागितलं. या गावात फुटबॉलवाल्यांना नाही म्हणायला जिगर लागते. मुख्याध्यापक मला म्हणाले, “मॅडम, संघच नाही तर कोर्ट अडवून काय करणार? यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत संघ उतरवा, एक तरी सामना जिंका. नाहीतर संध्याकाळ त्यांची.”

अट रास्त होती. पण आमच्या निम्म्या मुली खेड्यांतून एसटीने येतात, सकाळी लवकर पोचू शकत नाहीत. संध्याकाळ गेली की मुलींचा बास्केटबॉल कायमचा गेला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच सुमारास नव्या इमारतीचा पाया खो-खोच्या मैदानावर खोदला गेला होता. खो-खोच्या मुली, आठवी-नववीतल्या, दप्तरं घेऊन नुसत्या पायरीवर बसायच्या. मी त्यांना उठवलं आणि कोर्टवर नेलं. त्यांच्यापैकी एकीनेही बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता.

पहिल्या दिवशी जे झालं ते बघायला फुटबॉलची सगळी मुलं जाळीला चिकटली. मी म्हटलं, चेंडू मैत्रिणीला द्या. एक जण चेंडू आपटत पळत गेली, मैत्रिणीच्या मागून पोचली, चेंडू तिच्या हातात कोंबून “खो!” म्हणून ओरडली आणि तिच्या जागेवर उकिडवी बसली. दुसरी सुसाट पळाली, पुढच्या मुलीला “खो!” देऊन तीही बसली. शिवाय खो-खोत पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, त्यामुळे चेंडू हुकला तरी या थेट टोकापर्यंत जायच्या आणि खांबाला वळसा घालूनच परत यायच्या.

“मॅडम, पोरी खो-खो खेळालत्यात का बास्केटबॉल?” फुटबॉलच्या सरांनी जाळीपलीकडून विचारलं.

“दोन्ही,” मी म्हटलं. “तुमच्या मुलांना एक तरी नीट येतोय का बघा.”

आतून मात्र मी वैतागले होते. पंधरा दिवस मी बसू नका, ओरडू नका, लांबून चेंडू फेका, हेच सांगत राहिले. लांबून फेकलेला चेंडू कुणालाच झेलता येईना. शेवटी एकदा मी गप्प बसून त्यांचा आपापसातला खेळ बघितला. हातातून हातात दिलेला चेंडू मध्येच पळवता येत नव्हता. चेंडू आता कुणाकडे गेला आणि सुटणार कोण, हे समोरच्या मुलींना उशिरा कळत होतं. कळेपर्यंत एक जण बास्केटखाली पोचलेली असायची. पळण्यात तर त्यांना तोड नव्हती.

मी खो राहू दिला, फक्त बसणं बंद केलं. नियम शिकवले आणि लांबून बास्केट करायला बंदी घातली. जवळ जायचं आणि फळीवर आपटून आत घालायचं, एवढंच. दुसरं शिकवायला वेळही नव्हता.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी जुन्या संघातल्या त्या दहावीतल्या मुलीचे वडील तिला घेऊन आले. “खेळू दे की मॅडम. घरात पुस्तक उघडून भिंतीकडं बघत बसती. खेळली तर अभ्यास तरी करंल.”

मला केवढा आनंद झाला! तो एका संध्याकाळपुरता टिकला. ती उंच, सफाईदार, सगळं येणारी. ती कोर्टवर आली की बाकीच्या चौघी चेंडू तिच्या हातात द्यायच्या आणि उभ्या राहून बघायच्या. पळणं बंद, खो बंद. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

तीच माझ्याकडे आली. “मॅडम, ह्या माझ्याकडंच बघत बसत्यात. मी एकटी काय करू?”

“म्हणूनच तू बाहेर बसणार आहेस.”

“संघात नाव हाय की माझं!”

“नाव राहू दे. तू बाकावर बस.”

तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. हातात तयार मुलगी असताना हा हट्ट कशासाठी, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. मी सांगितलं, संघात एक जुनी असली की बाकीच्या नवख्याच राहतात. सगळ्याच नवख्या असल्या की प्रत्येकीला खेळावंच लागतं. त्यांना ते पटलं नाही. “हरलात तर कोर्ट विसरा,” ते म्हणाले.

पहिलाच सामना शहरातल्या चांगल्या तयारीच्या संघाशी पडला. पहिली दहा मिनिटं त्यांच्या मुली आमच्या “खो”वर हसत होत्या. नंतर हसू थांबलं, कारण हसताना पळता येत नाही. चारपैकी तिसरा भाग संपेपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. मग आमची एक जण पाच फाउल झाल्यामुळे बाहेर गेली, तिच्या जागी मी दुसरी घातली, तर लगेच आणखी एकीचे पाच झाले. खेळ संपायला थोडाच वेळ होता आणि आम्ही दोन गुणांनी मागे.

“आता तरी तिला घाला!” मुख्याध्यापक माझ्या मागच्या खुर्चीवरून ओरडले. दहावीतली उठून उभी राहिली होती, जर्किनची चेन अर्धी उघडून. मी आठवीतल्या सगळ्यांत बुटक्या मुलीला आत पाठवलं.

ती आत गेल्या गेल्या पाचही जणींनी बाकाकडे बघितलं. मला भीती होती तेच झालं. त्यावर दहावीतली जी काय ओरडली, ते समोरच्या बाजूलाही ऐकू गेलं असणार.

“माझ्याकडं काय बघतासा? पळा की! खो द्या!”

त्या पळाल्या. एकीने दुसरीला दिला, दुसरीने तिसरीला, तिसरीने मागून येऊन बुटकीच्या हातात कोंबला. समोरच्या दोघी अजून तिसरीच्याच मागे धावत होत्या. बास्केट. मग आणखी एक. मग एक फ्री थ्रो, जो रिंगवर दोनदा नाचून आत पडला. शेवटचं मिनिटभर त्यांनी काही शोभेचा खेळ केला नाही. समोरच्यांना चिकटून राहिल्या, आपटल्या, गुडघे फोडून घेतले आणि तीन गुणांनी जिंकल्या.

दुसऱ्या दिवशी पुढच्या संघाने आम्हाला धुऊन काढलं. त्यांच्या प्रशिक्षकाने आदला सामना बघितला होता आणि आमच्या खोचा इलाज शोधून ठेवला होता. तोही रास्तच. नवखा संघ यशस्वी होतो का, असं मला विचारलं तर मी सांगते, होतो. एकदा नक्की होतो. दुसऱ्यांदा व्हायचं तर नवखं राहून चालत नाही, आणि त्यासाठी रोज कोर्ट लागतं.

सोमवारी संध्याकाळी मी जरा उशिरा पोचले. मी दिसले नाही म्हणून फुटबॉलची मुलं कोर्टवर उतरली होती. आठवीतली बुटकी त्यांच्या कप्तानासमोर उभी होती, त्याच्या छातीला जेमतेम लागत होती.

“पावणं,” ती म्हणत होती, “साडेसहापर्यंत कोर्ट आमचं हाय. बघायचं असलं तर बसा की तिकडं कडंला.”

तिघं गेले. बाकीचे खरंच कडेला बसले.