काकडं नसलेली शेवळं

पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसलेल्या बाईने कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मना ही नवीन बाई आवडत नाय. आताच सांगून ठेवते, मागून कुणी बोलू नका."

एकीने चहात बुडवलेलं बिस्कीट तसंच विरघळून गेलं. मी तोवर त्या बाईशी एक शब्दही बोलले नव्हते. मी हसून म्हटलं, "बरं झालं वहिनी, पहिल्याच दिवशी सांगितलंत. नाहीतर मी उगाच महिनाभर आशेवर राहिले असते."

दोघीतिघी हसल्या. ती हसली नाही. तिच्या लेखी मी आता न आवडणारी तर होतेच, वर तोंडाळही ठरले.

आनंदनगर एमआयडीसीतला तो कारखाना औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचा. मशीनमधून झाकणं पट्ट्यावर पडायची आणि आम्ही बायका दोन्ही बाजूंना स्टुलांवर बसून वाकडी, चिरलेली झाकणं वेचून काढायचो. शेठ उल्हासनगरचा सिंधी, दिवसातून एकदा चक्कर मारून "चलो चलो, हाथ चलाओ" म्हणून जायचा. बाकी राज्य वहिनीचं. ती बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून यायची, कारखान्यात सर्वांत जुनी होती, आणि सगळ्या तिला वहिनीच म्हणायच्या. मी देशावरची, लग्न होऊन बुवापाड्यात आलेली. माझ्या बोलण्यातला हेलसुद्धा तिला खटकायचा.

तिचं न आवडणं अगदी उघड्यावरचं होतं. डब्यातली चटणी ती सगळ्यांना वाढत यायची आणि माझ्यापाशी आली की माझ्या डोक्यावरून हात नेऊन पलीकडचीला द्यायची. मी रोज सकाळी "काय वहिनी, कशा आहात?" असं विचारायचे. ती माझ्याकडे न बघता शेजारणीला सांगायची, "तिला सांग, होती तशीच हाय."

हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. मी जे म्हणेन त्याच्या उलट तिला करावंसं वाटायचं. माझ्या मागची खिडकी उघडली की पलीकडच्या केमिकल कंपनीचा वास थेट नाकात यायचा. तेव्हा मी मोठ्याने म्हणायचे, "काय छान हवा येते नाही खिडकीतून." दोन मिनिटांत ती उठून खिडकी धाडकन लावायची. पंखा हवा असला की मी पदर गुंडाळून घ्यायचे आणि "थंडी वाजते बाई" म्हणायचे. पंखा फुल्ल. असे माझे बरेच दिवस सुखात गेले. शेजारच्या बायका खाली मान घालून झाकणं वेचायच्या, त्यांचे खांदे हलायचे. शेवटी तिच्या लक्षात आलं असावं, कारण एकदा मी थंडी वाजते म्हटल्यावर तिने पंखा बंद केला आणि दिवसभर माझ्याकडे बघत घाम पुसत बसली.

मग शेवळांचे दिवस आले. पावसाच्या सुरुवातीला रानात जमिनीतून कोंब वर येतात, त्यांची ही भाजी. तिच्याकडचे लोक ती रानातून काढून बदलापूरच्या बाजारात विकायला बसतात. मी हे नाव कधी ऐकलंही नव्हतं. एके दिवशी सुट्टीच्या वेळी वहिनी माझ्यापाशी आली आणि तिने एक जुडी माझ्या पिशवीत टाकली.

"घे. घरची हाय."

मी इतकी हरखले की कशी करायची हे विचारायचंही विसरले. तिनेही ते सांगितलं नाही. घरी येऊन बारीक चिरली, कांदाटोमॅटो घातला, वरून कोथिंबीर भुरभुरली. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "बरी लागते की." दुसऱ्या घासाला त्याने ताट लांब सरकवलं. तोवर माझ्याही घशात कुणी सुया टोचाव्यात तसं व्हायला लागलं होतं. आम्ही दोघं जिभा बाहेर काढून दही खात बसलो. तेवढ्यात शेजारची कोकणातली काकी डोकावली. पातेल्यात बघून तिने कपाळावर हात मारला.

"अगं, काकडं घातली नाहीस? ही खाजरी भाजी. काकडांशिवाय शिजवायची नसते हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दिली कुणी तुला?"

काकडं म्हणजे छोटी हिरवी आंबट फळं. बाजारात शेवळांच्या शेजारीच त्यांचे वाटे लावलेले असतात. वहिनीने ती मुद्दाम गाळली होती. मला राग आला, पण घसा इतका खवखवत होता की शिव्या देणंही जमेना. नवरा चिंच चोखत म्हणाला, "त्या बाईला जाऊन विचार तरी." मी ठरवलं, विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधीच स्टुलावर येऊन बसली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने मला आपणहून काही विचारलं.

"कशी झाली भाजी?"

घशातून आवाज नीट फुटत नव्हता, तरी मी सगळं बळ लावून म्हटलं, "फारच छान. ह्यांनी तर ताट चाटून पुसून ठेवलं. अजून मिळेल का?"

ती बघतच राहिली. "घातलंस काय?"

"काय घालणार? कांदा, टोमॅटो, मीठमसाला."

"आन् सगळं... बरं हाय ना?"

"नसायला काय झालं?"

त्या दिवशी तिच्या हातून कितीतरी चिरलेली झाकणं तशीच पुढे गेली.

सुट्टीच्या दिवशी मी बदलापूरला गेले, शेवळं आणली आणि काकडांचा भलामोठा वाटा आणला. काकीने समोर बसून शिकवलं. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून फेकायचा, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. तिने कोलंबीही घालायला लावली. नवऱ्याने पुन्हा प्रयोगाला बसायला साफ नकार दिला, म्हणून मी आधी स्वतः खाल्ली आणि तासभर वाट बघितली. घसा शांत होता. सोमवारी मोठा डबा भरून नेला.

जेवणाच्या सुट्टीत डबा मधोमध ठेवून मी म्हटलं, "वहिनींनी मला शेवळं दिली होती ना, तशीच करून आणलीय. कांदाटोमॅटो घालून, साधीच. घ्या सगळ्यांनी."

बायकांचे हात पुढे आले. त्यातल्या बऱ्याच जणी विदर्भाकडच्या, उत्तरेकडच्या, त्यांना शेवळं ठाऊक नव्हती. वहिनीचा घास हातातच राहिला. ती माझ्याकडे बघे, डब्याकडे बघे. बोलावं तर तिचं बिंग फुटणार, आणि न बोलावं तर दहा बायका घसा धरून बसणार. मी शांतपणे एकेकीला वाढत गेले. पॅकिंगमधली एक पोर तिची सर्वांत लाडकी, तिने घास उचलला तशी वहिनी उठलीच.

"खाऊ नको गो, त्यात काकडं नाय!"

सगळ्या थांबल्या. पॅकिंगमधलीने विचारलं, "म्हणजे?"

"खाज सुटते. घसा धरतो."

"मग तुम्ही यांना दिलीत तेव्हा सांगितलं होतंत का?"

मी डब्यातली एक फोड उचलून तोंडात टाकली आणि म्हटलं, "काकडं घातलीत वहिनी. आज घातलीत."

आधी एक हसली, मग सगळ्याच. मोरिवलीची एक म्हातारी बाई तर हसता हसता स्टुलावरून घसरायची राहिली. वहिनीने चेहरा जराही हलू दिला नाही. माझ्यासमोर बसली, भाकरीच्या तुकड्याने थोडी भाजी घेतली, चावून चावून खाल्ली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि आणखी घेतली.

नंतर नळावर डबे घासताना आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "वहिनी, मी तुमचं काय बिघडवलंय?"

तिने डब्यावर राख चोळली. मग म्हणाली, "त्या स्टुलावर माझी मैतरीण बसायची. आम्ही दोघी एकाच दिवशी लागलेलो. तिचे गुडघे गेले तशी तिला घरी बसवली. साधा निरोपाचा चहापण नाय केला कुणी. आन् दुसऱ्या दिवशी तू आलीस, हसत हसत बसलीस तिथं."

"मला माहीत नव्हतं."

"असतं तर बसली नसतीस?"

मी विचार केला. नोकरीची गरज होती. "बसले असते," मी म्हटलं.

तिने डबा उपडा करून पाणी झटकलं. "खरं बोललीस," ती म्हणाली आणि निघून गेली.

यानंतर आम्ही मैत्रिणी झालो, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. चटणी मात्र माझ्या डोक्यावरून जायची थांबली, आता ती माझ्या डब्याच्या झाकणावर आदळली जायची. वैशाखात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. सगळ्यांना पत्रिका वाटून झाल्यावर तिने माझी माझ्या मांडीवर टाकली. "ये. पण लवकर ये, काम हाय."

मी हळदीच्या सकाळी पाड्यावर पोचले. तिने मला थेट मागच्या मांडवात नेलं, लसणाचा ढीग दाखवला आणि सोलत बसलेल्या जावांना सांगितलं, "ही आमच्या कंपनीतली."

"अगो बाय, तीच का ही?" एक जाऊ म्हणाली आणि सगळ्या जणी लसूण टाकून मला निरखायला लागल्या. त्या घरात माझी बरीच ख्याती पोचली होती. मी कशी बसते, कशी हसते, देशावरच्यासारखी कशी बोलते, सगळं त्यांना पाठ होतं. एकीने तर माझी नक्कल करून दाखवली आणि ती फार चांगली जमली होती. वहिनी मंडपाच्या खांबाला टेकून ऐकत होती. मग माझ्या हातात सुरी देऊन तिने आणखी एक टोपली माझ्यापुढे सरकवली.

"बोलत बसू नका," ती म्हणाली. "पाहुणे यायला लागलेत."